घडणीचं चित्रीकरण कशासाठी?

1972 साली अमेरिकेत अटारीचा ‘पाँग’ हा नाणं टाकून खेळायचा खेळ आला. मागणी इतकी वाढली की त्याची जुळणी एका जुन्या स्केटिंग रिंकमध्ये करावी लागली. अशा कारखान्यांच्या जुन्या चित्रफिती कंपनीच्या जाहिरातीसाठी काढल्या असतील, हा आक्षेप रास्त आहे. तरीही लाकडी पेटीत पडदा आणि तारा बसवणारे हात त्यांत दिसतात. संग्रहालयातलं तयार यंत्र ते दाखवू शकत नाही.

गोव्यातल्या डिचोलीच्या कुंभारकामाला आणि मडक्यावर कातडं ताणून घडवलेल्या घुमट या वाद्याला हाच न्याय लावायला हवा. घुमट 2019 साली गोव्याचं वारसा वाद्य ठरलं. पेडण्या-डिचोलीतल्या चतुर्थीच्या आरत्यांत ते आजही घुमतं. मग चित्रीकरण कशाला, असं कुणी विचारेल. पण वादन टिकलं म्हणजे घडण टिकली असं होत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घोरपडीचं कातडं वर्ज्य झालं, बकऱ्याचं आलं. नव्या कातड्याला ताण किती द्यायचा, मडक्याचं तोंड किती रुंद ठेवायचं, हे कारागिरांनी हातानेच जुळवलं. चाकापासून भट्टीपर्यंत आणि कातडं आवळण्यापर्यंतचं हे सारं काम, न कापता, आताच टिपलं पाहिजे.