देणाऱ्याच्या मेंदूत काय घडते?

जकात फर्ज आहे, सदका खुशीचा. मग जे द्यावेच लागते, त्यात मनाला समाधान कसले, असे वाढत्या वयाची मुले विचारतात.

अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून याचे उत्तर मिळते. त्यांनी १९ महिलांना प्रत्येकी १०० डॉलर दिले आणि स्कॅनरमध्ये त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. कधी त्यातली काही रक्कम, कर कापावा तशी, त्यांना न विचारता गरिबांना अन्न पुरवणाऱ्या संस्थेकडे वळवली. कधी द्यायचे की नाही, हे त्यांच्यावर सोपवले.

स्वतःला पैसे मिळाले की मेंदूच्या आतल्या भागातील, आनंदाशी निगडित केंद्रे सक्रिय होतात. पैसे गरजूंकडे गेले तेव्हाही तीच केंद्रे सक्रिय झाली. सक्तीने गेले तेव्हासुद्धा! आपखुशीने देताना समाधान आणखी वाढले.

म्हणजे देण्याची गोडी अल्लाहने आपल्या घडणीतच ठेवली आहे. मात्र ही गोडी म्हणजे बक्षीस, देण्यामागचा हेतू नव्हे. मेंदूतली हालचाल यंत्राला दिसते, नियत दिसत नाही. ती फक्त अल्लाह जाणतो.

फित्रा लहान मुलांच्या वतीनेही दिला जातो. यंदा ईदच्या नमाजाआधी ती रक्कम मुलांच्याच हातांनी पोहोचवा. आणि स्वतःच्या ईदीतून कोणाला किती द्यायचे, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या.