सोळा रस्त्यांवरची खाण

रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला सोन्याची खाण आहे. आज ती कर्नाटकात; पण १९५६ पर्यंत रायचूर, नांदेड आणि लातूर एकाच हैदराबाद राज्यात होते, म्हणजे एका अर्थानं ती आपलीच. तिथे माणसं शेकडो मीटर खोल उतरून खडक फोडतात, तो दळतात, आणि एवढ्या खटाटोपानंतर टनामागे हाती लागतं काही ग्रॅम सोनं. तोळाभरासाठी काही टन दगड लागतो!

आता लातूरच्या गंजगोलाईत या. इथे सोळा रस्ते येऊन मिळतात. समजा, प्रत्येक रस्त्यावरच्या घरांतून वीस-वीस बंद फोन गोळा केले. झाले ३२०. एका फोनात सरासरी ०.०३ ग्रॅम सोनं धरलं, तर हिशेब जवळजवळ तोळ्यावर जातो. आणि वजन? सोयाबीनच्या एका कट्ट्याच्या आसपास. सोनं गंजत नाही, म्हणून फोनमधल्या नाजूक जोडांवर त्याचा मुलामा असतो. फोन मेला तरी तो तसाच राहतो. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं अशाच टाकून दिलेल्या यंत्रांतल्या धातूंची होती. त्यासाठी ३२ किलो सोनं निघालं.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. सोनाराच्या दुकानातली धूळ-राख धुऊन कण वेचणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. पण त्यांच्या धुळीत सोन्याशेजारी पीव्हीसी प्लास्टिक नव्हतं.

खरी गोम इथेच आहे. यंत्र कसं उघडलं, यावर त्यातून काय बाहेर येईल ते ठरतं. तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळली, की वरच्या पीव्हीसीतला क्लोरीन मोकळा होतो आणि ज्या तांब्यासाठी हा उद्योग चालला तेच तांबं डायॉक्सिन नावाचं विष तयार व्हायला हातभार लावतं. राख गवतावर बसते, गवत म्हैस खाते, आणि चरबीत विरघळणारं डायॉक्सिन दुधात उतरतं. कारखान्यात वायर सोलून काढतात. तांबं तेवढंच मिळतं, धूर मात्र नाही.

शिशाची लबाडी याहून अजब. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत आणि जुन्या सर्किटच्या डाखात ते असतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. पुढे गरोदरपणी बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, तेव्हा त्याच्यासोबत शिसंही निघतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. आईनं लहानपणी गिळलेली धूळ तिच्या लेकराच्या मेंदूला भोवू शकते. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी ठाऊक नाही.

आणि पाणी? सर्किटवरचं सोनं सोडवायला वापरलेलं आम्ल नाल्यात ओतलं, तर मराठवाड्यात ते फार लपत नाही. आपल्याखाली काळा बसाल्ट आहे. पाणी त्याच्या भेगांतून धावतं, वाळूतल्यासारखं गाळलं जात नाही. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बोअरमध्ये असं काही मुरणं परवडणारं नाही.

जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला तो चौथाईहूनही कमी. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कागदावर छान आहे. पण गल्लीत येतो तो भंगारवाला, आणि बंद मोबाईलच्या बदल्यात टब देणारा फेरीवाला. कुणाच्या माळ्यावर काय पडलंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. माझ्या मते त्यांना हाकलण्यापेक्षा परवानाधारक कारखान्याशी जोडून द्यावं: माल अख्खा उचला, अख्खा पोचवा, भाव चांगला घ्या. मधल्या मधे फोडाफोडी आणि जाळपोळ तेवढी नको. आणि फुगलेली बॅटरी तर घरीही उचकटू नये, कारण लिथियमची बॅटरी टोचली तर पेट घेऊ शकते.