आयर्लंडमधील ‘परींचे कोट’ : दंतकथा आणि निषेध

आयर्लंडच्या ग्रामीण भागात मातीच्या वर्तुळाकार बांधांनी वेढलेल्या ज्या जागा आढळतात, त्यांना तेथील लोक इंग्रजीत ‘फेअरी फोर्ट’ म्हणतात. या संज्ञेतील दोन्ही शब्द मराठी वाचकाची दिशाभूल करणारे आहेत. हे किल्ले नव्हेत. बहुतांशी इसवी सनाच्या सुमारे ६०० ते ९०० या काळातील शेतकरी कुटुंबांची ती वसतिस्थाने होत. त्यांची संख्या ४०,०००हून अधिक असल्याचे मानले जाते. तेथील ‘परी’ही फारसीतून आपल्याकडे आलेली पंखधारी सुंदरी नव्हे. आयरिश भाषेत या अदृश्य जनांना ‘ईस शी’, म्हणजे टेकाडांतील लोक, म्हणतात. माणसांप्रमाणेच त्यांचाही संसार असतो, अशी समजूत आहे.

या कोटांविषयीच्या दंतकथांचा घाट बहुधा एकच असतो. कोणी बांध फोडतो किंवा त्यावरील काटेझाड तोडतो. पुढे गुरे मरतात, हात लुळा पडतो वा घरात मृत्यू ओढवतो. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने शाळकरी मुलांकरवी जे संकलन केले, त्यात अशा कथा विपुल आहेत. त्यांचे कार्य मनोरंजनापुरते मर्यादित नाही. ‘येथे नांगर घालू नये’ हा निषेध त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. परींवर विश्वास नसल्याचे सांगणारा शेतकरीही बांधाला वळसा घालून नांगरतो. श्रद्धा येथे उक्तीपेक्षा कृतीत, किंबहुना न केलेल्या कृतीत, प्रकट होते. पुरातन वास्तूंच्या रक्षणाचा १९३०चा कायदा होण्यापूर्वी कितीतरी शतके हे कोट टिकले, त्यामागे या भयाचा मोठा वाटा आहे.

तथापि, या श्रद्धेचा केवळ गौरव करणे अभ्यासकाला शोभणारे नाही. १८९५ मध्ये टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुणीला तिच्या पतीने जाळले. खरी पत्नी परींनी नेली असून घरात तिची तोतया आहे, असे तो म्हणत होता. ती जवळच्या कोटातून पांढऱ्या घोड्यावर बसून परतेल, या आशेने तो तेथे रात्री वाट पाहत राहिला. पुढे सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला शिक्षा झाली.

मातीचा बांध राखणारी कथा आजारी स्त्रीला मात्र राखू शकली नाही. लोकश्रद्धेचे मोल ठरविताना या दोन्ही नोंदी एकत्र वाचणे आवश्यक आहे.