घटातले पिवळे कोंब

घटस्थापनेला परडीत शेतातली काळी माती पसरायची, तिच्यात गहू, ज्वारी, मका पेरायचा आणि मधोमध घट बसवायचा. दसऱ्यापर्यंत वीतभर कोंब उभे राहतात. घट कसा उगवला यावरून पीकपाण्याचा अंदाज बांधतात, त्यातले तुरे टोपीत खोचतात. हे तुरे पिवळे, नाजूक आणि उंच असतात. तेच दाणे अंगणात उन्हात पेरले तर रोप बुटकं, ताठ आणि हिरवंगार येतं. दाणे एकच, फरक देवघरातल्या अंधाराचा.

अंधारातला कोंब अजून मातीखाली असल्यासारखा वागतो. दाण्यातली शिदोरी तो पानांवर, हिरव्या रंगावर खर्च करत नाही. सगळी उंचीला लावतो. अंगावर ऊन पडलं की काही तासांतच ही धाव मंदावते, पानं उलगडतात, हिरवा रंग चढू लागतो. डोळे नसलेल्या कोंबाला उजेड कळतो कसा?

याचा मोठा धागा लेट्यूसच्या बियांत सापडला. मटकी ओल्या फडक्यात गच्च बांधली तरी तिला मोड येतात, कारण तिच्यापाशी साठा पुष्कळ. लेट्यूसचं बी जेमतेम एक मिलिग्रॅमचं. खोल मातीत रुजलं तर वर पोचायच्या आतच उपाशी मरेल. म्हणून त्याच्या काही जाती उजेड मिळाल्याशिवाय सहसा रुजत नाहीत. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी बोर्थविक, रसायनशास्त्रज्ञ स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच एक जात घेतली, ‘ग्रँड रॅपिड्स’. बीजतज्ज्ञ एबेन आणि व्हिव्हियन टूल हे दांपत्यही त्यात होतं. भिजवलेल्या बियांवर मिनिटभर लाल प्रकाश टाकला, तर शंभरातल्या सत्तरेक बिया रुजल्या. त्यानंतर लगेच, डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश टाकला, तर सहा-सातच. पुन्हा लाल दिला, की पुन्हा सत्तरच्या वर. कितीही वेळा आलटूनपालटून झोत टाका, बी ऐकतं ते शेवटच्या झोताचं! 1952 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाइतकं साधं आणि निखळ काम वनस्पतिशास्त्रात मला दुसरं आठवत नाही.

बियांना हा भेद का हवा, हे झाडाखाली गेलं की उमगतं. हिरवं पान लाल प्रकाश पिऊन टाकतं आणि गडद लाल बराचसा खाली सोडतं. त्यामुळे दगडाची सावली वेगळी आणि शेजारच्या झाडाची वेगळी. वर कुणी आधीच जागा धरून बसलं असेल, तर इवलंसं बी थांबतं.

कुळवणीनंतर शेत तणाने का भरतं, याचंही एक कारण इथेच आहे. माती उलटताना पुरलेल्या बियांना क्षणभर उजेड दिसतो, काहींना तेवढा पुरतो. जर्मनीत हार्टमान आणि नेझादाल यांनी 1990 मध्ये रात्रीच्या नांगरणीचा अनुभव मांडला: तणाचं आच्छादन 80 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आलं. पुढे इतरांना दर वेळी एवढं यश आलं नाही. अंधारातही रुजणारी तणं असतातच.

हे लाल-गडद लाल ओळखणारं द्रव्य प्रत्यक्ष दिसलं ते 1959 मध्ये, बेल्ट्सव्हिललाच. वॉरन बटलर, कार्ल नॉरिस, हॅरोल्ड सीगलमन आणि हेंड्रिक्स यांनी शोधलेल्या त्या प्रथिनाला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळालं. हिरव्या पानात हरितद्रव्याच्या गर्दीत ते हाती लागणं कठीण. म्हणून त्यांनी मका अंधारात वाढवला आणि त्याचे कोंब यंत्रात ठेवले. आपल्या घटातल्यासारखेच पिवळे.