दिवाळीची पिल्लं

कुत्र्यांचा भाद्रपद खेड्यात ठाऊक असतो तसा शहरातल्या सोसायटीतही. कुत्रीचे गाभणपणाचे दिवस साधारण 63. त्यामुळे दिवाळी अंक घरोघरी पोचतात त्या सुमारास जिन्याखाली, वाळूच्या ढिगाआड पिल्लं डोळे मिटून आईला लुचत असतात. मार्गशीर्षात ती पायांत घोटाळू लागतात, पोरं त्यांना मोती, राजा अशी नावं देतात. पौषात त्यातली कित्येक दिसेनाशी होतात. थंडीनं गेली, गाडीखाली आली, असं आपण म्हणतो. पुष्कळदा त्यांना पार्वोनं नेलेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पार्किंगमधलं तांबूस पिल्लू एका सकाळी पाण्याच्या भांड्यावर मान घालून उभं होतं. नाक पाण्याला टेकलेलं, पण पीत नव्हतं. "ताई, काल रात्री तर माझी चप्पल पळवत होतं," वॉचमनकाका म्हणाले. दुपारी पिवळा फेस ओकलं, संध्याकाळी रक्ताचे जुलाब सुरू झाले. तो उग्र वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. सलाईन लावली, पण तिसऱ्या दिवशी ते गेलं. त्याला मी लसीचा एक डोस दिला होता, म्हणून निर्धास्त होते. एक डोस पुरत का नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पार्वो हा रोग तसा नवा. 1978 मध्ये तो जगभर एकाएकी उफाळला. मांजरांमधल्या एका जुन्या विषाणूच्या कुळातला हा विषाणू थोडासा बदलून कुत्र्यांच्या आतड्यात शिरला. तेव्हा एकाही कुत्र्याकडे प्रतिकारशक्ती नव्हती, त्यामुळे मोठी कुत्रीही पटापट मेली. 1980 नंतरच्या काही वर्षांतच भारतातही त्याच्या नोंदी झाल्या. आज तो नाही असा मोहल्ला सापडणं कठीण. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या गावांतल्या मोकाट कुत्र्यांचं रक्त संशोधकांनी तपासलं, तेव्हा बहुसंख्य कुत्र्यांमध्ये पार्वोची प्रतिपिंडं आढळली. म्हणजे जी जगली, त्यांतल्या बहुतेकांची या विषाणूशी गाठ कधी ना कधी पडून गेली होती. म्हणून पार्वो किती कुत्र्यांना होतो, यापेक्षा कोणत्या वयात गाठतो, हे विचारायला हवं.

हे वय आहे सहा आठवडे ते सहा महिने. त्याचं कारण चिकात आहे. जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात, आणि दर दहा दिवसांनी ती साधारण निम्मी होत जातात. ती भरपूर असेपर्यंत पिल्लू सुरक्षित असतं, पण तीच प्रतिपिंडं लसीतल्या दुबळ्या विषाणूलाही निकामी करतात. पुढे असे काही दिवस येतात, की उरलेली प्रतिपिंडं लस हाणून पाडण्याइतकी असतात, पण खऱ्या विषाणूला थोपवण्याइतकी नसतात. ही फट कधी येईल, हे पिल्लागणिक बदलतं. एकाच वेतातल्या दांडग्या पिल्लानं जास्त चीक प्यायला असेल, तर त्याची फट उशिरा येते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि सोळा आठवड्यांच्या आत डोस थांबवायचे नाहीत, असा नियम आहे. माझं तांबूस पिल्लू त्या फटीतच सापडलं असावं.

आणि नेमक्या याच वयात आपण पिल्लं घरी आणतो. पस्तीस-चाळीस दिवसांचं पिल्लू आईपासून तुटतं, अन्न बदलतं, प्रवास घडतो, पोटात जंत असतात. विषाणू वाढतो तो भराभर विभागणाऱ्या पेशींत, म्हणजे आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. जंतांनी आधीच जेरीस आलेलं आतडं त्याला आयतं मिळतं. अस्तर झडतं, पांढऱ्या पेशी घटतात, आतड्यातले जीवाणू रक्तात उतरतात.

कॅनडातल्या पशुवैद्यकांनी 1982 ते 1991 मधल्या 283 रुग्ण कुत्र्यांच्या नोंदी निरोगी कुत्र्यांशी ताडून पाहिल्या. लस न घेतलेल्यांना धोका जवळपास तेरापट होता. रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड या जातींना इतरांपेक्षा जास्त होता. तिथे जुलै ते सप्टेंबरात रोग बळावत होता; आपल्याकडे मात्र पिल्लांचा हंगाम कधी असतो ते भाद्रपदावरून मोजावं.

जमिनीवर हा विषाणू चिवट असतो. घरात काही आठवडे, बाहेर सावलीच्या ओलाव्यात कित्येक महिने टिकतो. आपल्या चपलेला लागूनही तो घरात येतो. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण माणूस त्याचा हमाल होतो. फिनाइलवर भरवसा ठेवू नका. घाण धुऊन काढून, एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून फरशी दहा मिनिटं ओली ठेवली तर तो मरतो. पिल्लू गेलेल्या घरात लगेच दुसरं बिनलशीचं पिल्लू आणणं, ही मला सगळ्यांत क्रूर घाई वाटते.

उपचाराविना बहुतेक पिल्लं दगावतात. सलाईन, उलटी थांबवणारं औषध, प्रतिजैविकं आणि लवकर सुरू केलेलं थोडं थोडं अन्न मिळालं, तर दहातली आठ-नऊ वाचू शकतात. पिल्लू मलूल होऊन खाणं सोडतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्त दिसेपर्यंत थांबू नये.

नसबंदी मोहिमेत रस्त्यावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस मिळते, पार्वोची नाही. ती सोसायटीनं वर्गणी काढून द्यावी. भाऊबीजेला जन्मलेलं पिल्लू दत्तजयंतीच्या आसपास सहा आठवड्यांचं होतं, तेव्हा पहिला डोस. मग दर दोन ते चार आठवड्यांनी एक, आणि शेवटचा महाशिवरात्रीच्या सुमाराला. आमची काळी कुत्री पुन्हा गाभण आहे. कालपासून ती जिन्याखालचं पोतं पायानं उकरते आहे, आणि वॉचमनकाकांनी कॅलेंडरवर दत्तजयंतीभोवती लाल गोल काढून ठेवला आहे.