घरात आधीच मांजरं असताना नवं मांजर आणताना

दर्यापूरकडे मांजर सहसा कोणी ठरवून आणत नाही. तूर सोंगताना धुऱ्यावर पिल्लू सापडतं, पऱ्हाटीच्या गंजीमागे भाटी विते, नाहीतर शेजारच्या काकू टोपल्यात घालून आणून देतात. घरात दुसरं मांजर नसेल तर फारसा प्रश्न येत नाही. पण आधीच दोन-तीन असतील, तर नव्याला सरळ त्यांच्यात सोडून ‘होतील हळूहळू एक’ म्हणणं महागात पडतं. पहिल्या दिवशीची मारामारी मांजर महिनोन्‌महिने विसरत नाही.

कारण त्याच्या स्वभावात आहे. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे एकट्यानं शिकार करणारं रानमांजर. जिथे मांजरं घोळक्यानं राहतात, तिथे बहुतेक वेळा आई, मावशी, लेकी असं गोतच असतं, आणि बाहेरून आलेल्याला ते आधी हाकलतं. आपलं कोण, परकं कोण, हे मांजर मुख्यतः वासावरून ठरवतं. दवाखान्यातून औषधांचा वास घेऊन आलेल्या मांजरावर घरातला जुना सोबतीसुद्धा फिसकारतो, ते यामुळेच. म्हणून क्रम असा धरायचा: आधी वास, मग नजर, आणि सगळ्यांत शेवटी भेट.

घरात घेण्याआधी नव्या मांजराला पशुवैद्यकाकडे न्या. जंत, पिसवा, कानातली खरूज यांची तपासणी होते. फार घातक आहे तो पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो. यात पिल्लू उलट्या-जुलाबानं दोन-तीन दिवसांत जातं आणि लोकांना वाटतं, कोणीतरी विष घातलं. याची लस पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की सुरू होते आणि तिचे पुढचे डोस चुकवायचे नसतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. आपल्या जुन्या मांजरांच्या लसी राहिल्या असतील तर त्याही आत्ताच घ्या. गावात सोय नसेल तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत जाता येतं.

नसबंदीही याच वेळी विचारून ठेवा. नसबंदी न झालेले दोन बोके एका घरात सुखानं राहतील, ही आशा सोडलेली बरी. शस्त्रक्रियेनंतरही बोक्याचा जोर उतरायला काही आठवडे लागतात. भाटी तर चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते.

आता खोली. दार लागेल अशी एक खोली नव्याला किमान दोन आठवडे द्या. तेवढ्यात लपलेला आजार बाहेर पडतो आणि मांजरही स्थिरावतं. आत पाणी, खाणं, लपायला आडवं ठेवलेलं खोकं आणि शी-शूची पेटी हवी. पेटीत बारीक वाळू भरा. आपल्याकडची काळी माती ओली झाली की पंजांना चिकटते. उन्हाळ्यात टिनाखालची खोली मात्र अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये तिथे माणूस टिकत नाही, मांजर काय टिकणार!

फरशी पुसायला फिनाईल वापरू नका. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. साबणाचं पाणी पुरे. कुत्र्याची गोचीड-पावडर आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी यांनी तर मांजराचा जीव जाऊ शकतो.

खोलीत नवं मांजर खायला-झोपायला लागलं की वासाची अदलाबदल सुरू करा. जुन्या सुती कापडाचा तुकडा नव्याच्या गालांवर, कानांपुढे हलकेच फिरवा. तिथे गंधग्रंथी, म्हणजे ओळखीचा वास सोडणाऱ्या बारीक गाठी असतात. तो तुकडा जुन्या मांजरांच्या खाण्याजवळ ठेवा आणि त्यांचा तुकडा नव्याकडे. कोणी फिसकारलं तर रागवू नका, तुकडा थोडा लांब सरकवा. त्या कापडाशेजारी मांजर निवांत जेवू लागलं की पुढे जायचं. हा टप्पा लोक कंटाळून सोडतात, आणि पुढची बहुतेक भांडणं इथूनच निघतात.

नंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवा. सुरुवातीला दोन-तीन हात लांब, मग रोज थोड्या जवळ. परक्याचा वास आला की पोट भरतं, एवढंच मांजराला समजायला हवं. वाटीत दूध मात्र नको. मोठ्या मांजरांना ते बऱ्याचदा पचत नाही आणि जुलाब लागले की आजार की दूध, हे कळत नाही.

डासांसाठी बसवलेलं जाळीचं दार इथे कामाला येतं. त्याच्या आडून एकमेकांना दिसू द्या, पण खाणं चालू असतानाच आणि थोडाच वेळ. घरात तीन मांजरं असतील तर तिघांना एकदम जाळीपुढे बसवू नका. सगळ्यांत शांत असेल त्याच्यापासून सुरुवात करा, तापट बोका शेवटी.

समोरासमोरची भेट घरातल्या पोरांच्या गोंगाटात नको, दिवाळीच्या फटाक्यांत तर नकोच. कोणालाही उचलून दुसऱ्याच्या पुढ्यात धरू नका. फिसकारणं, एखादी चापट चालते. टक लावून पाहणं, कान मागे चिकटणं, शेपटी फुगणं दिसलं की मध्ये पुठ्ठा सरकवून नजर तोडा आणि एक टप्पा मागे जा. जुंपलीच तर हात घालू नका, वरून चादर टाका. चावा किंवा ओरखडा बसला तर साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

खेळ आणि भांडण यांतला फरक सोपा आहे. खेळात पाळी बदलते, आवाज फारसा नसतो. एकच मांजर कायम पळत असेल, किंवा दुसरं पेटीच्या वाटेवर ठाण मांडून बसत असेल, तर तो छळ आहे. म्हणून पेट्या मांजरांपेक्षा एकानं जास्त ठेवा आणि वेगवेगळ्या जागी. पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात कूलरसमोरच्या जागेवरून खरी लढाई होते, तेव्हा थंड जागाही दोन-तीन करून ठेवा. खिडकीत बाहेरचा बोका दिसला की चिडलेलं मांजर घरातल्याच सोबत्यावर तुटून पडतं, म्हणून ती खिडकी काही दिवस झाकलेली बरी.

पिल्लू असेल तर हे सगळं दोन-चार आठवड्यांत उरकतं, मोठं मांजर असेल तर काही महिने लागतात. एकमेकांना चाटणारी जोडी व्हावीच असा हट्ट नको. आपापल्या कोपऱ्यात शांत राहिली तरी काम झालं.

इतकं करूनही जमलं नाही, तर नव्याला दुसरं घर शोधून द्या. पोत्यात घालून चंद्रभागा नदीपलीकडे सोडून येण्याची रीत गावोगाव आहे. भुकेनं हाल होतील अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. ते तेवढं करू नका.