सांभाळणाऱ्याचा मोबदला : संकोच नको, नोंद हवी

संगमनेरच्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षिका दर महिन्याला रक्तदाब तपासून घ्यायला येतात. वय ८२, अपत्य नाही. सोबत त्यांची पुतणी असते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पेन्शन काढणे, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, मुदत ठेवी, घरपट्टी, वाट्याने दिलेल्या शेतीचा हिशेब, औषधे हे सारे सहा वर्षे तीच पाहते. त्यापायी तिने स्वतःचे शिवणकाम निम्म्यावर आणले आहे.

एकदा बाईंच्या पाठोपाठ मी तिचाही रक्तदाब पाहिला. १६०/१०० भरला. झोप लागत नाही, म्हणाली. बाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या, तेव्हा तिने हलक्या आवाजात विचारले, “डॉक्टर, काकूंच्या पैशातून मी स्वतःसाठी काही घेतले, तर ते पाप ठरेल का?”

मी ठरीव उत्तर दिले. आपल्या माणसांच्या सेवेचे पैसे घ्यायचे नसतात. घरी गेल्यावर ते उत्तर मलाच टोचू लागले. बाईंना तपासल्याची फी मी घेतो, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. पुढच्या भेटीत मी माझे शब्द मागे घेतले.

मोबदल्याचा विषय टाळला म्हणून तो संपत नाही. सांभाळणाऱ्याच्या मनात तो साचत राहतो. मग कधी औषधांच्या खरेदीतून उरलेले सुटे पैसे आपल्याकडेच राहतात, कधी “एवढे केले, तर घर माझ्या नावावर व्हायला हवे” हा विचार मूळ धरतो. दूरगावी राहणाऱ्या भावंडांना संशय येतो, आणि प्रामाणिक माणूसही चोर ठरतो. दरम्यान त्याची झोप, त्याचा रक्तदाब, त्याची मिळकत यांची विचारपूस कोणी करत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, मोबदला जरूर घ्यावा, पण तो सांभाळणाऱ्याने स्वतःच्या हाताने उचलून घेऊ नये. ज्यांचे पैसे आहेत त्यांनी तो शुद्धीत असताना, इतर नातेवाइकांसमक्ष ठरवावा. रक्कम अशी असावी की ती चारचौघांत उच्चारताना कोणाचीही मान खाली जाऊ नये, आणि ती दिल्यावर औषधपाण्याला काही कमी पडू नये. ज्येष्ठांची मिळकत तोकडी असेल, तर दूर असणाऱ्या भावंडांनी हा वाटा उचलावा. दिलेल्या पैशांनी माया विकत मिळत नाही, मात्र वेळेची भरपाई होते.

जे ठरेल ते कागदावर उतरवून दोघांनी सही करावी. मोबदला दरमहा बँकेतूनच द्यावा, रोखीने नको. ज्येष्ठांचा पैसा आणि आपला पैसा एका खात्यात मिसळू नये. खर्चाची वही ठेवावी, पावत्या चिकटवाव्यात आणि दर तीन महिन्यांनी ती वही घरातील दुसऱ्या कोणाला तरी दाखवावी. मोबदला म्हणून मिळालेली रक्कम हे उत्पन्न असते. प्राप्तिकराच्या दृष्टीने तिचे काय करायचे, ते सनदी लेखापालास विचारावे.

कायद्याच्या काही गोष्टी ठाऊक असाव्यात. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार, दुसऱ्याच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्याने मागितल्यावर हिशेब देणे बंधनकारक आहे. साधे मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की संपुष्टात येते. स्मृतिभ्रंश बळावल्यावर ते कामी येईल, या भरवशावर राहू नये. सेवेच्या बदल्यात घर किंवा जमीन बक्षीसपत्राने द्यायचीच असेल, तर “देखभाल करण्याच्या अटीवर” असा उल्लेख त्यात असावा. अट मोडल्यास २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. या कायद्याखालील अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो, आणि प्रांत कार्यालय संगमनेरातच आहे. १४५६७ या हेल्पलाइनवरही ज्येष्ठांना मार्गदर्शन मिळते.

आता डॉक्टर म्हणून एक गोष्ट. पैशांचा हिशेब चुकू लागणे हे स्मृतिभ्रंशाच्या अगदी सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असू शकते. एकच बिल दोनदा भरणे, सुट्या पैशांत गोंधळणे, अनोळखी फोनवर विश्वास ठेवणे यांकडे “वय झाले” म्हणून दुर्लक्ष करू नये. मात्र प्रत्येक गोंधळ हा स्मृतिभ्रंश नसतो. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, थायरॉइडचे विकार, ‘ब१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांनीही बुद्धी मंदावते आणि उपचारांनी ती बरीच सावरू शकते. म्हणून आजारपणात, दवाखान्यातील खाटेवर कोणत्याही कागदावर सही घेऊ नये. ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असा दाखला माझ्याकडे मागितला जातो, तेव्हा मी नातेवाइकांना बाहेर थांबवून ज्येष्ठांशी एकट्याने बोलतो. कशावर सही करत आहात, त्याने काय बदलेल, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले तरच दाखला देतो.

दिवाळीला पुण्याचा व नाशिकचा असे दोन्ही पुतणे आले, तेव्हा बाईंनीच विषय काढला. पुतणी संकोचून “नको, काकू” म्हणत राहिली. तशा बाई म्हणाल्या, “मी शाळेत तीस वर्षे पगार घेतला. त्याने माझी मुलांवरची माया कमी झाली होती काय?” त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते. रक्कम तिथेच ठरली. दर तीन महिन्यांनी वही पाहण्याचे नाशिकच्या पुतण्याने कबूल केले, आणि मे महिन्यात पंधरा दिवस बाईंना सांभाळण्याचेही.

पुतणीला मी रक्तदाबाची गोळी सुरू केली आहे आणि ती चालूच राहील. परवा आली तेव्हा रक्तदाब १३०/८४ होता. झोप लागते का, असे विचारले. “लागते,” म्हणाली. “आता वही उशाशी घेऊन झोपावे लागत नाही.”